मोठी मिश्र वसाहत आखताना: आधी जमीन, मग रस्ते, मग इमारती

प्रश्न थोडक्यात असा आहे: 18 हेक्टरची सलग जागा, साधारण 4,000 घरं, सोबत कार्यालयं, दुकानं आणि एक शाळा. मालकाला सगळं ‘शाश्वत’ हवं आहे. आराखड्याला हात कुठून घालावा, दुकानं किती धरावीत आणि हरित मानांकनाच्या मागे लागावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

या कामात माझी बावीस वर्षं गेली. कुठलाही मोठा आराखडा समोर आला की मी पहिल्यांदा एक साधी वर्गवारी करते: यातली कुठली गोष्ट किती वर्षं टिकणार? रस्ते आणि प्लॉटच्या हद्दी एकदा पडल्या की शे-दोनशे वर्षं हलत नाहीत. इमारतीचा सांगाडा साठ ते शंभर वर्षं उभा राहतो. खिडक्या आणि बाहेरचं आवरण तीस-चाळीस वर्षांत बदलावं लागतं. पंप, पाइप, लिफ्ट यांचं आयुष्य पंधरा ते पंचवीस वर्षांचं, आणि आतल्या भिंती तर भाडेकरू बदलला की पडतात. बैठकांमध्ये मात्र सगळा वेळ उलट्या क्रमाने जातो. सौर पॅनेल कुठलं आणि बाहेरचा रंग कुठला यावर तासन्‌तास चर्चा होते, रस्त्यांचं जाळं एका दुपारीच ठरून जातं. जे पुन्हा बदलता येणार नाही त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. जे बदलणारच आहे ते तोडफोड न करता काढता-घालता येईल असं ठेवा. खाली जे लिहिते आहे ते सगळं यातूनच आलं आहे.

सुरुवात जमिनीपासून करा. सर्व्हेच्या नकाशावरच्या लेव्हल्स घेऊन एखाद्या जोरदार पावसात स्वतः साइटवर चालून या. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं हे डोळ्यांनी पाहा. ओहोळ कोरडा दिसतो म्हणून तो पाइपात घालून वर इमारत चढवली, तर पाणी त्याची वाट सोडत नाही, ते बेसमेंटमध्ये येतं. पाण्याच्या वाटा आणि सगळ्यात सखल पट्टा आधी बाजूला काढून ठेवा. तिथे बाग, मैदान, पावसाळी तळं काहीही करा, पण बांधकाम नको. दुसरं, वरची सुपीक माती. पहिले वीस-तीस सेंटिमीटर खरवडून कमी उंचीच्या ढिगांत जपून ठेवायची, उंच ढिगाऱ्यात तिचा जीव गुदमरतो. जुनी झाडं वाचवायची असतील तर खोडाभोवती पत्रा लावून भागत नाही. मुळं फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत गेलेली असतात आणि त्यांच्यावरून डंपर फिरले की माती घट्ट दबते. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी वरच्या फांद्या वाळायला लागतात, तोवर कंत्राटदार कधीच निघून गेलेला असतो. म्हणून झाडांचं कुंपण फांद्यांच्या घेराबाहेर घाला आणि साइटवरच्या गाड्यांचा रस्ता कुठून जाईल हेही तुम्हीच आखून द्या.

मग रस्ते. सलग 18 हेक्टर म्हणजे साधारण सव्वाचारशे मीटर बाजूचा चौरस. तो एका कंपाउंडमध्ये, एका गेटाने बंद केलात तर पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला जवळपास किलोमीटरभराचा वळसा पडेल आणि तुमच्या दुकानांना फक्त आतल्या लोकांवर जगावं लागेल. जागा साठ ते नव्वद मीटरच्या गाळ्यांमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या तुकड्यांमध्ये, तोडा. आजूबाजूचे रस्ते आतून जाऊ द्या. गाड्यांना आरपार जाऊ द्यायचं की नाही ते नंतर ठरवता येतं, पण पायी आणि सायकलवर जाणाऱ्याला आरपार वाट हवीच. आणि प्रत्येक गाळा वेगवेगळ्या वास्तुविशारदाला, जमल्यास वेगवेगळ्या विकासकालाही देता येईल असा स्वतंत्र ठेवा. अख्खी वसाहत एकाच पोडियमवर, म्हणजे सगळ्या इमारतींखालच्या एकाच सलग चौथऱ्यावर, उभी असेल तर पुढे एक इमारत पाडून नवी बांधणंसुद्धा अशक्य होऊन बसतं.

अॅम्स्टरडॅमजवळच्या बायल्मरमेअरमध्ये 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रांगांत दहा-अकरा मजली इमारती उभ्या राहिल्या. गाड्यांचे रस्ते उंचावर, माणसं खाली हिरवळीवर, अशी पूर्ण विभागणी होती. कागदावर ती फारच सुंदर दिसायची. प्रत्यक्षात खालच्या जमिनीवर कुणाचंच रोजचं येणं-जाणं नव्हतं, त्यामुळे लक्षही नव्हतं. पुढे उंच रस्ते खाली आणावे लागले आणि बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या. त्यातलीच क्लायबर्ग नावाची एक लांबलचक इमारत मात्र वाचली. सांगाडा आणि सामाईक भाग नीट केला आणि घरं आतून कोरी ठेवून लोकांना दिली, ज्याने-त्याने आपापलं घर लावलं. या कामाला 2017 चा युरोपीय महासंघाचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हॅन डर रोहे पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षांपूर्वीचा सांगाडा नव्याने वापरता आला, चुकलेल्या रस्त्यांसाठी मात्र अख्खा परिसर उकरावा लागला.

आता पार्किंग. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात मोठ्या वसाहतीचं भलं-बुरं इथेच ठरतं. रॅम्प आणि गाडी वळवायची जागा धरली की एका गाडीला साधारण 30 चौरस मीटर लागतात. 4,000 घरांना एकेक गाडी म्हणजे 1,20,000 चौरस मीटर, म्हणजे 12 हेक्टर. तुमच्या एकूण जागेच्या दोन तृतीयांश! हे सगळं एका बेसमेंटमध्ये घातलंत तर जवळपास संपूर्ण जमिनीखाली काँक्रीटचं तळघर येईल. मग पाणी मुरणार कुठे? मोठं झाड लावायचं कुठे? स्लॅबवर झाड लावता येतं, पण मोठ्या झाडाला निदान मीटर-सव्वामीटर माती लागते. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे चौरस मीटरला दोन टनांहून जास्त वजन, घरातल्या जमिनीवर आपण जो वापराचा भार धरतो त्याच्या दहापट. ते पेलायला स्लॅब जाड, बीम खोल, कॉलम मोठे करावे लागतात. सिमेंट-लोखंड वाढतं आणि त्याबरोबर कार्बनही. शिवाय गाड्यांसाठी कॉलम साडेसात-आठ मीटरवर लागतात आणि वरच्या घरांत तीन-चार मीटरवर. हे जुळलं नाही की वरच्या कॉलमांचं वजन खालच्या कॉलमांवर वळवायला मध्ये भलामोठा ट्रान्सफर स्लॅब येतो. एका प्रकल्पात आम्ही या एका थराचं काँक्रीट मोजलं आणि मालकाबरोबरची पुढची बैठक त्यावरच झाली. तिथे आम्ही घरांच्या खोल्यांची मापं कॉलमच्या जाळ्याशी जुळवून घेतली आणि तो थर पूर्ण काढून टाकला. त्या प्रकल्पात पर्यावरणासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच, आणि ते पाहणाऱ्याला दिसतही नाही.

मग गाड्या कुठे ठेवायच्या? शक्य तेवढ्या कडेला, जमिनीच्या वर, स्वतंत्र पार्किंग इमारतींत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच सैन्य 1992 मध्ये गेल्यावर रिकाम्या झालेल्या छावणीच्या जागेवर फाउबान वसाहत उभी राहिली. तिथे बऱ्याच घरांना दाराशी पार्किंग नाहीच. गाडी हवी असेल तर कडेच्या बहुमजली पार्किंगमधली जागा घरापासून वेगळी विकत घ्यावी लागते. गाडी नको असेल तर तसं लिहून द्यायचं आणि तो खर्च वाचवायचा. 2006 पासून ट्रामही आत येते. यातली कळ आहे ती पार्किंगची किंमत घराच्या किमतीतून वेगळी काढण्यात. दोन्ही एकत्र असतात तोवर प्रत्येक जण न वापरलेल्या जागेचेही पैसे भरत राहतो. तुमच्या पार्किंग इमारतीचे मजले सपाट ठेवा, रॅम्प एका बाजूला वेगळा ठेवा आणि मजल्याची उंची थोडी जास्त द्या. वीस वर्षांनी गाड्या कमी झाल्या तर तिथे कार्यालयं किंवा वर्कशॉप होऊ शकतील. उतरत्या मजल्यांच्या पार्किंगमध्ये ते कधीच होणार नाही.

मिश्र वापराचा एक मोठा फायदाही इथेच आहे. कार्यालयांच्या गाड्या दिवसा, घरांच्या रात्री. जागा नावानिशी वाटून न देता सामाईक ठेवल्या तर एकूण संख्या बरीच खाली येते. थंडाव्याचं किंवा उष्णतेचं मध्यवर्ती केंद्र असेल तर तिथेही हेच. कार्यालयांची कमाल मागणी दुपारची, घरांची संध्याकाळनंतरची, त्यामुळे यंत्रणा दोन्हींच्या बेरजेपेक्षा लहान चालते. पण यासाठी कार्यालयं आणि घरं एकाच टप्प्यात यायला हवीत. घरं आधी आणि कार्यालयं ‘बाजार बघून’ दहा वर्षांनी, असं झालं तर हे गणित कागदावरच राहतं.

आता दुकानं किती. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर दुकानं दाखवायची सवय आपल्याला लागली आहे, कारण चित्रात ती छान दिसतात. पण हिशेब करून बघा. 18 हेक्टरमध्ये ऐंशी मीटर बाजूचे साधारण वीस गाळे बसतात. प्रत्येकाचा परीघ 320 मीटर, म्हणजे एकूण दर्शनी लांबी सहा किलोमीटरच्या वर. सहा मीटरला एक दुकान धरलं तर हजारावर दुकानं होतात. तुमची वस्ती असेल बारा हजारांची. बारा माणसांमागे एक दुकान कुठेच चालत नाही. मग निम्मी शटरं कायम खाली राहतात आणि बंद शटरांच्या रस्त्यावरून अंधार पडल्यावर कुणी चालत नाही.

म्हणून दुकानं एकाच रस्त्यावर, समोरासमोर, जिथून लोक रोज स्टेशनकडे, बसकडे, शाळेकडे जातात तिथेच घ्या. आधी कोपरे धरा. शंभराच्या आतबाहेर दुकानांचे गाळे पुष्कळ झाले. व्हिएन्नामधल्या आस्पर्न झेएश्टाट या नव्या वसाहतीत मुख्य रस्त्यांवरच्या तळमजल्यांचं व्यवस्थापन एकत्र केलं गेलं, कुठे काय यावं हे ठरवून ते भाड्याने दिले गेले. गाळे सुटे-सुटे विकले असते तर ते जमलं नसतं, कारण ज्याने गाळा गुंतवणूक म्हणून घेतला त्याला तो रिकामा ठेवणं परवडतं, रस्त्याला परवडत नाही. बाकीच्या रस्त्यांवर तळमजल्याला घरंच ठेवा, पण रस्त्याकडून स्वतःचं दार असलेली. जोतं साठ-नव्वद सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे जाणाऱ्याची नजर थेट आत जात नाही; चाकाच्या खुर्चीसाठी अंगणाच्या बाजूने सपाट प्रवेश द्या. मधूनमधून दवाखाना, पाळणाघर, सायकली ठेवायची खोली, दुरुस्तीची वर्कशॉपं.

दुकानांच्या रस्त्यावर तळमजल्याची उंची सव्वाचार मीटरच्या खाली जाऊ देऊ नका आणि काही गाळ्यांमागे भटारखान्याच्या धुराचा शाफ्ट गच्चीपर्यंत नेऊन ठेवा, आज तिथे हॉटेल येणार नसलं तरी. हे मी स्वतः चुकले आहे. माझ्या आधीच्या एका कामात कोपऱ्यावरचे दोन गाळे ‘किरकोळ विक्री’ म्हणून दाखवले होते, शाफ्ट नव्हता. दोन वर्षांत तिथे खानावळ आली. धुराचं नळकांडं मागच्या अंगणात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलांच्या खोलीच्या खिडकीपासून चार मीटरवर निघालं. मी बघायला गेले तेव्हा त्या खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की तेलकट काळा थर बोटाला लागत होता. त्या घरातल्या बाईंनी खिडकीच्या फटीत चिकटपट्टी लावलेली होती. वारा खेळावा म्हणून आम्ही ज्या खिडक्या समोरासमोर आखल्या होत्या, त्यातली एक कायमची बंद झाली. एक मीटर बाय साठ सेंटिमीटरची जागा मी प्लॅनमध्ये सोडली असती तर हे झालं नसतं. तेव्हापासून शाफ्टची यादी मी स्वतः तपासते.

इमारतींच्या आकाराबद्दल थोडक्यात. दाट म्हणजे उंच, हे समीकरण डोक्यातून काढा. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च यांनी 1960 च्या दशकात गणिताने दाखवून दिलं की मध्यभागी एकटे मनोरे उभे करण्याऐवजी तेवढंच बांधकाम गाळ्याच्या कडेने, अंगणाभोवती मांडलं तर कितीतरी कमी मजल्यांत बसतं. चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारता येते, वीज गेली तरी जिना चढता येतो. सगळी वसाहत तेवढ्यात बसणार नाही, काही ठिकाणी उंच जावं लागेल, पण ती निवड असावी, सवय नको. घराला दोन बाजूंनी खिडक्या द्या. समोरासमोर वारा खेळायचा असेल तर खोलवर जाणारं अंतर छताच्या उंचीच्या पाचपटीच्या आत ठेवा, एकाच बाजूला खिडकी असेल तर अडीचपटीच्या आत. पश्चिमेचं ऊन सगळ्यात त्रासाचं, कारण ते तिरपं येतं आणि वरच्या छज्जाने अडत नाही, तिथे उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून सरकणारे पडदे लागतात. साहित्याचं म्हणाल तर जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमधून येतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, भट्टीचं इंधन बदलून तो थांबत नाही. म्हणून आधी सिमेंट कमी लागेल असा सांगाडा करा, मग पर्यायी सिमेंटचा विचार.

पाण्याचा हिशेब स्वतः मांडा, कारण यात भलत्याच समजुती आहेत. छपरांचं क्षेत्र 50,000 चौरस मीटर धरू, वर्षाचा पाऊस 800 मिलीमीटर धरू, त्यातला पाचवा भाग वाया जाईल. हाती येतील 32,000 घनमीटर. बारा हजार माणसं, माणशी रोज 120 लिटर, म्हणजे दिवसाला 1,440 घनमीटर. छपरावरचं वर्षाचं पाणी बावीस दिवसांत संपलं! उलट, वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लश आणि बागेसाठी परत फिरवलं आणि त्यातून चौथा हिस्सा जरी भागला, तरी वर्षाला 1,31,000 घनमीटर वाचतात, पावसाच्या चौपट. पावसाचं पाणी जरूर मुरवा, पूर कमी होतो, भूजलाला आधार मिळतो. पण वसाहतीची तहान भागवणार आहे ती दुहेरी पाइपलाइन (ताज्या पाण्याची वेगळी, शुद्ध करून परत फिरवलेल्या पाण्याची वेगळी), आणि ती भिंतीत पहिल्या दिवशीच टाकावी लागते.

सांडपाण्याचं केंद्र एकच भलंमोठं करू नका. त्यातलं काम जिवाणू करतात आणि त्यांना रोज पुरेसं सांडपाणी लागतं. 4,000 घरांसाठी बांधलेल्या टाकीत पहिल्या वर्षी चारशे घरांचं पाणी आलं की जिवाणू टिकत नाहीत, वास सुटतो, आणि एकदा लोकांना ‘ते पाणी घाण असतं’ असं वाटलं की पुढे कितीही शुद्ध केलं तरी कुणी वापरत नाही. तीन-चार सुटे भाग करा आणि वस्ती वाढेल तसे एकेक चालू करा.

टप्पे हा आराखड्याचाच भाग समजा. पहिल्या टप्प्यातलं कुटुंब दहा वर्षं धुळीत राहणार नाही असा क्रम लावा. साइटवरच्या ट्रकांची वाट त्यांच्या दारावरून जाऊ नये. शाळा आणि सार्वजनिक वाहतूक आधी. आस्पर्नमध्ये मेट्रो 2013 मध्ये पोचली आणि पहिले रहिवासी 2014 मध्ये राहायला आले. माणसाची सवय घर बदलताना बदलते. त्या पहिल्या महिन्यात बस नसेल तर तो गाडी घेतो, आणि घेतलेली गाडी नंतर बस आली म्हणून विकत नाही. शेवटच्या टप्प्याच्या जागेवर पहिल्याच वर्षी रोपवाटिका सुरू करा, दहा वर्षांनी तिथली झाडं दोन माणसं उंच झालेली असतील.

आणि हे सगळं चालवणार कोण? अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या प्रूइट-आयगो वसाहतीत अकरा मजली 33 इमारती होत्या. बांधायला सरकारी पैसा मिळाला, देखभाल मात्र रहिवाशांच्या भाड्यातून करायची होती. घरं रिकामी होत गेली, भाडं आटलं, लिफ्ट आणि उष्णतेची यंत्रणा बंद पडत गेली, आणि 1972 मध्ये पाडापाडी सुरू झाली. लंडनजवळची बेडझेड ही छोटी पर्यावरणपूरक वसाहत 2002 मध्ये पुरी झाली तेव्हा तिच्यातलं लाकडाच्या चिपट्यांवर चालणारं वीज-उष्णता केंद्र सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होतं. काही वर्षांतच ते बंद करावं लागलं, इतक्या लहान वस्तीला त्याची निगा परवडली नाही. भिंतींतलं 300 मिलीमीटर जाडीचं उष्णतारोधक आवरण मात्र आजही आपलं काम करतं आहे. त्याला ऑपरेटर लागत नाही. मी यंत्रणेआधी भिंत, सावली आणि वारा यांवर भर देते तो यासाठीच.

जी यंत्रं ठेवाल ती चालवणारा माणूस डिझाइनच्या बैठकीत बसवा. आमच्या एका बैठकीत वीस वर्षं पंपरूम सांभाळलेल्या एका गृहस्थांनी ड्रॉइंग पाहून एकच प्रश्न विचारला: “हा पंप जळाला तर बाहेर कुठून काढायचा?” दार नव्वद सेंटिमीटरचं होतं, पंपाची चौकट एक मीटर दहाची. प्रत्येक यंत्राबद्दल हा प्रश्न विचारा. तो कोण काढणार, कुठून काढणार, पैसे कुठून येणार. देखभालीचा निधी घरं विकतानाच वेगळा ठेवा आणि तळमजल्यावरच्या काही गाळ्यांचं भाडं थेट त्या निधीत जाईल अशी तरतूद करारातच करून घ्या.

राहिलं मानांकन. मालकाला कर्जासाठी किंवा विक्रीसाठी हवं असेल तर घ्या, त्या निमित्ताने नोंदी शिस्तीत राहतात. पण त्याचा सल्लागार रस्ते आणि पार्किंग ठरण्याआधी नेमा. नंतर आला तर त्याच्या हातात फक्त नळ, दिवे आणि रंग उरतात. आणि करारात एक कलम घाला: लोक राहायला आल्यावर तीन वर्षं वीज आणि पाण्याचे मीटर इमारतवार वाचायचे आणि ते आकडे डिझाइन करणाऱ्यांना परत द्यायचे. एका प्रकल्पात अशा मीटरवरून आम्हाला कळलं की रात्री तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, एका इमारतीत तासाला हजार लिटर पाणी जात होतं. वरच्या टाकीचा फ्लोट वॉल्व्ह अडकला होता आणि जास्तीचं पाणी पाइपातून सरळ गटारात उतरत होतं. मीटर नसता तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.